गडावर कोरड्या तोंडानं

बाहेर जायचं ठरलं की आमच्या घरात सगळ्यात आधी माधवचे डोळे पाहिले जात. माय त्याला दारातल्या उजेडात उभा करी, अंगठ्याने खालची पापणी ओढी आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यात किती पिवळेपणा आहे ते बघे. कमी असेल तर निघायचं. जास्त असेल तर बांधलेली शिदोरी सोडायची आणि तिथेच, स्वयंपाकघरात बसून, ती जेवायची. अशा दिवशी माधव मुद्दाम उंबरठ्यावर ताट घेऊन बसे आणि म्हणे, "हे बगा, मी दरेकस्याच्या धबधब्याले बसलो हावो. थंडी हवा सुटली हाये." माय हसत नसे. मी आणि बाबा हसत असू, पण तिच्याकडे न बघता.

माधव माझ्याहून पाच वर्षांनी लहान. रांगत होता तेव्हापासून त्याच्या हातापायांची बोटं सुजत. मोठा झाल्यावर नडग्यांत, पाठीत, कधी छातीत कळा येऊ लागल्या. आल्या की दोन-तीन दिवस तो चटईवर आडवा पडून भिंतीला पाय लावून असे. रडत नसे, फक्त श्वास मोजून घेतल्यासारखा घेई. या दुखण्याला त्यानेच नाव दिलं होतं, पाहुणा. "पाहुणा आला माय, त्याले बसाले जागा देजो," असं तो म्हणाला की माय चुलीवर वीट तापत ठेवायची. विटेला फडकं गुंडाळून शेकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते योग्य होतं असं आता कळलंय. आमचं जे थोडंफार बरोबर होतं, त्यातलं ते एक.

बाबा रेल्वेत पाइंटमन होते, म्हणजे यार्डात रुळांचे सांधे बदलणारे. आमचं क्वार्टर यार्डाला लागूनच होतं. घरात घड्याळ नव्हतं आणि लागतही नव्हतं. राईस मिलचा भोंगा झाला की मायचं शेणसडा टाकणं, छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनाची बारीक शिटी झाली की माझी शाळा, आणि मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळण्याचा आवाज सुरू झाला की बाबा कामावर आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवर एका बाजूने कोळशाची काजळी बसे, दुसऱ्या बाजूने भाताच्या कोंड्याची धूळ. बाबांचं पांढरं धोतर मी कधी पांढरं पाहिलं नाही.

बाजारातल्या एका डॉक्टरांना माधवला दाखवलं होतं. गोंदियात तेव्हाही शिकलेली माणसं हिंदीतच बोलत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि बाबांना म्हणाले, "दवाई से कुछ नहीं होगा. खून कम है. बच्चे का हवापानी बदलो, घुमाओ-फिराओ. खुश रहेगा तो खून बनेगा." बाबांनी मान हलवली. मायने मात्र हे वाक्य औषधाच्या बाटलीसारखं घरी आणलं. तिच्या दृष्टीने आता उपाय हातात होता. पोराला फिरवायचं. आमच्या सहली सुरू झाल्या त्या अशा. हौस म्हणून आमच्या घरातून कधी कोणी कुठे गेलं नाही.

रेल्वेच्या माणसाला वर्षाला मोजके पास मिळतात, त्यावर घरच्यांना फुकट प्रवास करता येतो. आमच्या शेजारी एक बिलासपूरकडची काकी राहायची, तिचा नवरा इंजिनावर फायरमन होता. त्यांचे सगळे पास गावी जाण्यात संपत. आम्ही शिदोरी घेऊन निघालो की ती कुंपणाशी येऊन तिच्या छत्तीसगडीत म्हणायची, "आज फेर घूमे बर जावत हव? पास गाँव जाए बर होथे, घूमे बर नोहे." आज पुन्हा फिरायला निघालात? पास गावाला जायला असतो, हिंडायला नव्हे. माय तिला उत्तर द्यायची, "आमचं गावच नाई काकी, तं का करू?" हे खोटं होतं. आमचं गाव होतं, तिथे काकांकडे भाताची जमीनही होती. पण तिथे माधवला पाहून बाया तोंडाला पदर लावून कुजबुजत, म्हणून मायने जाणं सोडलं होतं.

खर्च न करता मुलांना दिवसभर बाहेर कसं न्यावं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने मायकडे यायला हवं होतं. मी आयुष्यभर शाळेच्या सहली नेल्या, त्यांच्या याद्या केल्या, आणि माझ्या सगळ्या नियमांच्या मुळाशी तिचेच नियम आहेत. पोहोचलं की आधी पोटभर जेवायचं, म्हणजे मुलं दुकानांकडे बघत नाहीत. गोड पदार्थ परतीच्या गाडीसाठी राखून ठेवायचा, कारण थकलेलं मूल तेव्हाच किरकिरतं. एक जुनं लुगडं बरोबर हवंच. त्याची सावली होते, सतरंजी होते, वेळ पडली तर झोळी होते. शिदोरीत तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे, कांदा आणि गुळाचा खडा. लाखोळीचे वडे शिळे झाले की जास्त चांगले लागतात. माधव ते खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी शाळेत खायचा आणि त्याच्या चड्डीला कायम तेलाचा वास असायचा.

पास सगळीकडे वापरून चालत नसे, म्हणून अधल्यामधल्या रविवारी आम्ही पायी जाऊ. शहराबाहेर कुडव्याकडे तेव्हा घरं नव्हती, शेतं होती आणि एक आमराई होती. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाने जाताना मासे धरणाऱ्या ढिवरांची मुलं गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाडे काढत असत. त्यांच्याकडून ओंजळभर शिंगाडे मिळाले की आमचा दिवस साजरा. जाताना माधव चालत जाई, येताना बाबांच्या खांद्यावर. खांद्यावरून तो मला म्हणे, "शकूबाई, तुमचा डब्बा मागं राह्यला. इंजिन सुटलं." मी धावायची. त्या वेळी मला वाटे, हा बरा होतोय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटे. पाहुणा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी यायचा, आणि आदल्या दिवशीचं चालणं आणि आजचं दुखणं यांना जोडून पाहावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. उलट माय म्हणायची, कालचा दिवस तरी बरा गेला.

दरेकस्याला आम्ही पहिल्यांदा गेलो ते पाऊस सरल्यावर. पॅसेंजर गाडीने सालेकसा सोडलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, पुढे बोगदा आहे. माधवने बोगद्यासाठी श्वास धरायचं ठरवलं होतं. स्टेशन एवढंसं, उतरणारे आम्ही चौघं आणि सरपणाच्या रिकाम्या दोऱ्या घेतलेल्या दोन-तीन बाया. रुळांच्या कडेने चालत आम्ही धबधब्याशी गेलो. इतकं पाणी वरून पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागे. मायने नियमाप्रमाणे आधी जेवायला घातलं. मग माधव पाण्यात गेला. माय त्याला म्हणाली, "बस मनसोक्त. हवापानी म्हंते तं हेच पानी." तो ओठ निळे होईपर्यंत त्या गार पाण्याखाली बसला, बाहेर आला, उन्हात दगडावर लोळला आणि पुन्हा गेला. बाबांनी धोतर वर खोचून त्याच्यावर पाणी उडवलं. बाबांना खेळताना मी तेवढंच पाहिलं.

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो असताना त्याच्या मांड्यांत कळा सुरू झाल्या. मायने गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, पण त्याने तो हातावर काढून ठेवला. सरपणाच्या मोळ्या घेऊन त्या बाया परत आल्या होत्या. त्यातली एक, दरेकस्याचीच, जंगलात मजुरी करणारी गोंड बाई, मोळी उतरवून जवळ आली. तिने माधवची नखं दाबून पाहिली. डोळे पाहिले, मायसारखेच, अंगठ्याने. मग म्हणाली, "आमच्या घरी बी असेच दोन होते बाई. असे पोट्टे राहत नाईत."

माय म्हणाली, "काऊन राहत नाईत? कोन सांगतलं तुले?"

"कोन सांगन? राह्यले नाई."

तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. ती आम्हाला बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. पण माय उठली, माधवला कडेवर घेतलं, वास्तविक तो तिला पेलत नव्हता, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. गाडी येईपर्यंत ती तिथून हलली नाही.  नंतर पाहुणा आठवडाभर मुक्कामाला होता.

त्या बाईच्या शब्दांनी मायच्या डोक्यातलं काहीतरी बदललं. डॉक्टरचं हवापाणी तिने टाकलं नाही, पण आता त्यात देव आला. गोंदियाच्या आसपासची देवळं झाली. दर वेळी शिदोरी, दर वेळी लुगडं, दर वेळी परतीचं गोड. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही सहलीलाच निघालेलो दिसत असू. आणि मग तिने प्रतापगडाचा नवस बोलला. अर्जुनीकडे, जंगलात डोंगर आहे. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही. महाशिवरात्रीला दोन्हीकडची माणसं यात्रेला येतात आणि दोन्हीकडे डोकं टेकून जातात. लोक आपापल्या परीने नवस बोलतात, कुणी अनवाणी चढतं, कुणी लोटांगण घालतं. मायने स्वतःसाठी काही ठेवलं नाही. तिने बोलून टाकलं, पोराला गडावर कोरड्या तोंडानं आणीन. सकाळी उठल्यापासून दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. दुखणं त्याचं, तर नवसही त्यानेच फेडायला हवा, असा तिचा हिशेब होता.

बाबा चिडले. ते चिडले की हळू बोलत. "पोट्ट्यानं पानी मांगतलं तं देजो. देव का पानी मोजत बसते?"

"आतापर्यंत अर्धे अर्धे नवस केले, म्हून असं झालं. ह्या येळी पुरा करू द्या."

"अन् नाई झेपलं तं?"

"मंग तुम्ही सांगा ना. तुमच्याजवळ का उपाय हाये, तो सांगा."

बाबांनी खुंटीवरचा सदरा अंगात चढवला. ते कंदील घेऊन ड्युटीवर गेले. माधव कोपऱ्यात हे ऐकत होता. तो तेव्हा दहाएक वर्षांचा असेल. मी त्याला विचारलं, जमेल का रे. त्याने विचारलं, "एकदा पानी नाई पेलं तं पाहुणा कायमचा जाते?" मी म्हटलं, माय तसं म्हणते. तो म्हणाला, "मंग सस्त्यातच हाये."

महाशिवरात्रीला पहाटे उठून आम्ही छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. माधवने चूळसुद्धा भरली नाही, उगाच घोट जायचा म्हणून. दात त्याने कोरड्या राखेने घासले आणि फडक्याने तोंड पुसलं. त्याचे डोळे त्या दिवशी बरेच स्वच्छ होते, मायने दोनदा पाहिले. खिडकीबाहेर पळस फुललेला. डबा यात्रेकरूंनी भरला होता आणि कुणीतरी सतत काहीतरी खात होतं, कवठं फोडत होतं, रताळी सोलत होतं. अर्जुनीला उतरून आम्ही एका यात्रेकरू कुटुंबाच्या बैलगाडीत जागा मिळवली. वाटेत ओढा लागला तेव्हा गाडीवानाने बैल सोडले. बैल पाणी पिऊ लागले. माधव गाडीच्या दांडीवर बसून ते बघत होता. त्याने गाडीवानाला विचारलं, "काका, तुमच्या बैलाचा काई नवस नाई का?"

गाडीवान म्हणाला, "त्याचा हाये ना. गाडी वढायचा."

सगळे हसले, मायसुद्धा. ती त्या दिवशी वेगळीच दिसत होती. केस नीट बांधलेले, कपाळाला मोठं कुंकू. लहान मुलीसारखी ती डोंगराकडे बोट दाखवत होती.

पायथ्याशी यात्रा भरलेली. आकाशपाळणा, रेवड्यांच्या राशी, बांगड्या, ढोल. माधवने पाळण्याकडे पाहून ठेवलं, उतरताना बसू म्हणाला. ऊन चढलं होतं. चढाच्या मध्यावर एका मोहाच्या झाडाखाली प्याऊ होता. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ माठांना ओलं फडकं गुंडाळून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होते. माय आणि बाबा पुढे निघाले होते. मायला बेलाची पानं घ्यायची होती, ती विकणारी बाई थोडी वर बसली होती. मी माधवचा हात धरून मागे होते. त्याची पावलं जड पडत होती. ओठांच्या कडा फाटून पांढऱ्या झाल्या होत्या. मी पाणी प्यायले. फार तहान लागली होती, आणि नवस माझा नव्हता. त्या गृहस्थांनी माधवपुढेही पेला धरला.

"ले बेटा."

"नहीं चाचा. नवस है."

"अरे, होंठ देख अपने. दो घूँट पी ले. मालिक इतनी सी बात पे नाराज नहीं होता."

"आप पानी रखना. आके सब पी जाएँगे."

मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "पी. मायला सांगणार नाही मी. कोणालाच सांगणार नाही." पेला मी माझ्या हातात घेतला होता, त्याच्या तोंडापासून वितीवर. त्याने पाण्याकडे पाहिलं. मला आजही ते पाहणं दिसतं, त्यात भूल पडल्यासारखं काही नव्हतं, नीट विचार करून पाहणं होतं. मग त्याने मान फिरवली. "तू सांगशील नाई, पन मंग तो नवस माहा कायचा? पुन्हा येवा लागन. पास कोठून आनसान?" आणि तो चालू लागला. वळणावरून माय आमच्याकडेच बघत उभी होती. मी पेला परत दिला.

तो चढला. शेवटचं थोडं बाबांनी उचलतो म्हटलं तरी त्याने ऐकलं नाही. महादेवापुढे डोकं टेकलं, मग मायने बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं आणि तो पीत राहिला. पुढे सरकणाऱ्या माणसांनी आम्हाला ढकललं तरी तो पीत राहिला. त्याला काही झालं नव्हतं. पाहुणा नाही, कळ नाही. माय तिथेच खाली बसली आणि रडली. आम्ही दर्ग्यातही जाऊन आलो. मग एका सपाट दगडावर लुगडं पसरून मायने रताळी आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा वाढला. माझ्या लहानपणातल्या सगळ्या शिदोऱ्यांतलं ते जेवण मला सर्वांत जास्त आठवतं. माय मला म्हणाली, "शकू, आता पुढच्या येळी उगाच जाऊ. कायले जाऊन राहिलो ते कोनी इचारलं तं सांगू, असंच." बाबा शिरा खात खाली यात्रेकडे बघत होते. ते म्हणाले, "काकी इचारन." माय म्हणाली, "तिले बी नेऊ." असा तासभर आम्हाला मिळाला.

उतरताना माधवने छाती धरली. पायथ्याशी आलो तेव्हा आकाशपाळण्यात रांग नव्हती. बाबा म्हणाले, चल बस, तर तो नको म्हणाला. तेव्हा मी घाबरले. बैलगाडीत तो मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचे डोळे मोठे होत. अर्जुनीच्या फलाटावर आम्ही रात्र काढली. सकाळच्या गाडीने गोंदियाला आलो, थेट बाजारातल्या डॉक्टरांकडे. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, सुई दिली, निमोनिया आहे म्हणाले. पुढे त्याला ताप होता, दम होता, मध्येच काही बोलणं होतं. एकदा त्याने विचारलं, नवस पुरा झाला ना? माय म्हणाली, पुरा झाला. होळीच्या आधी तो गेला.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि एका दुपारी मायने मला परसात बोलावलं. ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "त्या प्याऊवर तुह्या हातात पेला होता. तू त्याले पानी पाजलं का?"

"नाही माय."

"मी रागवत नाई. खरं सांग."

"खरंच नाही. तो पीतच नव्हता."

"मंग काऊन गेला?"

तिने पुन्हा राख हातात घेतली. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर तिला निदान कारण मिळालं असतं, नवस मोडला म्हणून. पण मी शाळेत शिकणारी, खरं बोलणारी मुलगी होते. तिने तो प्रश्न पुढेही सोडला नाही. वर्षातून एकदा, शिवरात्रीच्या सुमाराला, काहीतरी निवडता-निवडता ती विचारी, आणि मी नाही म्हणे. बाबांचे पास तसेच राहू लागले. आम्ही कुठेच गेलो नाही. कुडव्यालाही नाही. काकीने एकदा सहज विचारलं, येसो कहूँ नइ जावव का, यंदा कुठे नाही का जात, आणि मग स्वतःच जीभ चावून आत गेली. घरात आता भोंगा, शिटी, डबे आदळणं एवढंच ऐकू येई. बाबा आधीच कमी बोलत, नंतर अगदी कामापुरतं. निवृत्तीनंतर ते लवकरच गेले. माझं शिक्षण, नोकरी, लग्न हे सगळं झालं, ते दुसऱ्या प्रकरणाचं आहे.

माय अजून आहे. माझ्याकडेच असते. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या मुलाची बोटं सुजली. रांगणारं मूल. मी ती बोटं पाहिली आणि पिशवी भरली. आमच्या भागात आता रक्ततपासणीची शिबिरं होतात. मायला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तिलाही नेलं. आमच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. तिथल्या नर्सबाई तरुण होत्या, समजावून सांगण्याची हातोटी होती. हे रक्तातलंच असतं, म्हणाल्या, आईबापाकडून येतं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकतात, म्हणून दुखतं. यावर पक्कं औषध नाही. जपायचं. गार पाण्यात खेळू द्यायचं नाही, दमवायचं नाही, आणि पाणी सतत पाजायचं. तहान लागायची वाटच बघायची नाही, अंगातलं पाणी कमी झालं की हे उसळतं. मुलगी रडत होती. मी सूचना लिहून घेत होते, माझी ती सवयच आहे. लिहिता-लिहिता माझा हात थांबला, कारण भिंतीशी खुर्चीत बसलेली माय ऐकत होती. तिचे कान अजून शाबूत आहेत.

बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही दोघी बाकावर बसलो. मुलगी बाळाला घेऊन आत होती. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग नेहमीचाच प्रश्न, पण आवाज वेगळा, अगदी बारीक. "शकू, तू त्याले त्या प्याऊवर पानी पाजलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो माय. पाजलं होतं."

ती वळून माझ्याकडे बघू लागली. मी बघू दिलं.

"कवा?"

"तू बेलाची पानं घेत होतीस तेव्हा."

"पेला तो?"

"प्यायला. दोन घोट."

 आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि थांबला. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून थोडं पाजायचं होतं वं."